चंद्रीचं भलं होवो

मष्णूच्या हातचं लुगडं आणि मष्णूच्या तोंडची शिवी, दोन्ही पक्क्या रंगाची, असं वडगावातल्या विणकरांच्या गल्लीत म्हणत. त्यामुळे एका सकाळी हा मष्णू घरापुढच्या सोप्यात घोंगडं घालून, मांडी ठोकून, डोळे मिटून बसलेला दिसला, तेव्हा पाण्याला निघालेल्या बायका घागरी कमरेवर घेऊन जागीच थांबल्या. एकीला वाटलं, पोटात कळ आली असावी. दुसरीला वाटलं, काही नवस असेल. शेवटी त्याच्या बायकोला, जयाबाईला विचारलं, तर ती हातात फुंकणी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "श्वास मोजत्यात."

"कुणाचा?"

"स्वतःचाच. लोकाचा कशाला मोजतील?"

ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची. गल्लीत तेव्हा घरटी एक हातमाग होता आणि उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत एवढी खटखट चाले की आपण श्वास घेतो हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. मष्णूला हा नाद लावला तो परशराम हवालदाराने. हा गृहस्थ मूळचा कडोलीचा. पलटणीतून पेन्शन घेऊन तो वडगावात लेकीकडे येऊन राहिला होता. ब्रह्मदेशात पलटण असताना त्याला ताप भरला, आणि तिथल्या एका बौद्ध मठात तो महिनाभर पडून राहिला. मठातल्या म्हाताऱ्या भिक्षूने त्याला आधी काढे पाजले आणि ताप उतरल्यावर ध्यानाला बसवलं. "पलटणीनं मला उभं ऱ्हायला शिकवलं आणि त्या म्हाताऱ्यानं बसायला. बसणंच लई अवघड," असं हवालदार सांगे. गल्लीला बुद्ध ठाऊक होता तो दहा अवतारांच्या चित्रातला. तो बसतो हे चित्रात दिसतच होतं. बसून करतो काय, हे कुणी विचारलं नव्हतं.

आता मष्णू हवालदाराकडे गेला तो काही बुद्धाच्या ओढीने नव्हे. तो गेला भावापायी.

भरमा त्याचा सख्खा धाकटा भाऊ, गल्लीत समोरच्याच घरात राहणारा. बाप गेला तेव्हा भरमा नऊ वर्षांचा होता. मष्णूने त्याला मांडीवर घेऊन मागावर बसवलं, हातात हात धरून आडवं सूत नेणारा धोटा फेकायला शिकवला, आणि पुढे त्याचं लग्नही लावून दिलं. त्या दोघांत आज तीन वर्षं शब्द नव्हता. आणि आता भरमाने माग विकला होता. इचलकरंजीत विजेचे माग आले होते, तिथे एका कारखान्यात त्याला काम मिळालं होतं. येत्या अमावास्येनंतरच्या रविवारी तो बायकोला, बाळाबाईला घेऊन निपाणीवरून जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीने निघणार होता.

"जाईना का," मष्णू म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या हातून धागा तुटला. त्या दिवशी नऊ वेळा तुटला. दुसऱ्या दिवशी तो हवालदारापुढे जाऊन बसला.

"रविवारी मोटार सुटली तर मला काय बी वाटू नये, असं काय तर शिकवा."

"किती दिस हैत?"

"अकरा."

"अकरा दिसांत माणसाला बंदूक बी धरता येत न्हाय," हवालदार म्हणाला. "पण बस."

भांडण कशावरून झालं ते सांगायचं तर आधी पांजणी सांगावी लागेल. विणकराचं सगळं काम घरात होतं, एक पांजणी सोडून. पांजणीला रस्ता लागतो. मागावर चढवायच्या आधी ताण्याची सगळी उभी सुतं गल्लीत लांबच लांब ताणायची, त्यांना पिठाची खळ लावायची, आणि खळ ओली आहे तोवर दोन माणसांनी ताण्याच्या दोन बाजूंना समोरासमोर राहून, कुंच्याने विंचरत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. ऊन चढून खळ वाळली की सुतं एकमेकांना चिकटतात, आणि मग त्या ताण्याची दोरखंडंच वळावीत. दोघांचा हात सारखा पडावा लागतो, पाऊलही सारखं पडावं लागतं. मष्णू आणि भरमा यांची ही जोडी वीस वर्षांची. त्यांचे दोन कुंचे चालले की घरात बसलेल्याला एकच चालल्यासारखा वाटे.

तीन वर्षांमागे, दिवाळीच्या तोंडावर, मष्णूचा लाल ताणा गल्लीत पसरला होता. एका लग्नघरची लुगडी होती. निम्मी पांजणी झाली आणि भरमाची शेळी, चंद्री तिचं नाव, दोरी सोडवून आली. कडेने जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. वरमाईच्या थाटात ती ताण्याच्या मधोमध शिरली आणि पलीकडे निघाली. साठ-सत्तर सुतं गेली. मष्णूच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि उजेड पडला तेव्हा तो भर गल्लीत भावाला म्हणत होता, "साधी शेळी बांधता येत न्हाय तुमास्नी. बा मेल्यावर तुला हात धरून शिकवला तीच माझी चूक. तू विणकर न्हाईस, तू शेळ्याच राख."

भरमाने कुंचा टाकला नाही, वाकून जमिनीवर नीट ठेवला. "आजपास्नं तुझ्या ताण्याला माझा हात लागणार न्हाय, अण्णा," एवढं बोलून तो घरात गेला. शेळी बांधायचं काम बाळाबाईचं, म्हणून गल्लीने थोडे दिवस तिलाही नावं ठेवली. मष्णूने रोजावर एक गडी धरला. त्याचा हात मष्णूच्या हाताला कधी जुळला नाही, आणि मष्णू मात्र दर लुगड्याला सुताच्या नावाने बोटं मोडत राहिला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर सुंभही अजून धुमसतच होता.

तर हवालदाराने पहिला धडा दिला. "नाकाशी ध्यान ठेव. श्वास आत आला, एक. भाईर गेला, दोन. धापर्यंत जायाचं आणि परत एक. मन भटकलं तर भटकलं, परत एक."

"एवढंच?"

"एवढंच."

ज्याने आयुष्यभर एकेका ताण्यात हजारांनी सुतं मोजली, त्याला दहापर्यंत मोजायला सांगितलं. मष्णूला हसूच आलं. तो बसला. एक, दोन, तीन झाले. चौथ्याला समोरच्या घराचं दार वाजलं आणि मन तुटलं.

इथे मष्णूने जी चूक केली ती विणकराशिवाय दुसरा कुणी करणार नाही. धागा तुटला की विणकर पुढे जातच नाही. आधी तुटलेलं टोक शोधायचं, सांधायचं, आणि मग धोटा. न सांधता पुढे गेलं तर ती खोट लुगडंभर पळते. मष्णूने श्वासालाही तोच न्याय लावला. मन तुटलं ना, मग कुठे तुटलं ते शोधायला तो मागे निघाला. दार वाजलं. दार कुणाचं? भरमाचं. भरमा असा का वागला? शेळी सुटली म्हणून. मग शेळी, ताणा, भरमाचं ते बोलणं, तो खाली ठेवलेला कुंचा, सगळं पहिल्यापासून उलगडून, यात माझं काही चुकलं नाही असं ठरवून, टोक सांधून तो परत यायचा आणि म्हणायचा, एक. दर चौथ्या श्वासाला तीन वर्षं मागे जाऊन यायचं म्हणजे काही थोडी चाल नव्हे. तासाभराने उठला तेव्हा तो घामाघूम झाला होता आणि बसताना होता त्याच्या दुप्पट रागावलेला होता. त्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून त्याने ताट सरकवलं.

"लई मोजू नगा," जयाबाई ताट उचलत म्हणाली. "सोसंल तेवढंच मोजा."

हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि तो पोट धरून हसला. हसणं ओसरल्यावर म्हणाला, "अरं मष्णू, श्वास म्हंजे सूत न्हवं. तुटला तो गेला. त्याला सांधायचा न्हाय, फुडचा घ्यायचा."

"आणि खोट तशीच ऱ्हायली तर?"

"ऱ्हाऊ दे की. ती दिसायची तवा आपणहून दिसंल. तू शोधाय जाऊ नगंस. शोधाय जाणारा आपल्याला पायजे तीच खोट घेऊन येतो."

हे मष्णूला पटलं नाही, पण दिवस नऊच उरले होते म्हणून त्याने करून पाहिलं. तुटलं की सोडायचं आणि पुढचा श्वास घ्यायचा. त्याच्या बोटांना चैन पडेना, टोक न सांधता पुढे जायचं म्हणजे त्यांना चोरी केल्यासारखं वाटे. पण दोन दिवसांनी एकदा तो दहापर्यंत पोचला. मग पुन्हा पोचला. छातीत तीन वर्षं आवळून बसलेलं काहीतरी थोडं सैल झाल्यासारखं त्याला खरोखर वाटलं.

आणि त्याला जमायला लागलं तशी घरच्यांची पंचाईत सुरू झाली. मष्णू हळू बोलू लागला. जयाबाईच्या हातून लोणच्याची बरणी फुटली, तर पूर्वी त्याने घर डोक्यावर घेतलं असतं, आता तो डोळे अर्धे मिटून म्हणाला, "फुटणारच हुती ती. सगळंच फुटणार हाय." सूत आणायला गेला तेव्हा दुकानदार गिऱ्हाइकावर खेकसत होता, त्याला मष्णूने राग कसा गिळावा यावर उपदेश केला. दुकानदार एवढा चकित झाला की त्याने त्याला बसायला पाट दिला. गल्लीतली टवाळ मंडळी बगळ्याचं ध्यान म्हणू लागली, आणि मष्णू त्यांच्याकडे क्षमेच्या नजरेने पाही. ती नजर त्याच्या शिव्यांपेक्षाही लोकांच्या जिव्हारी लागे.

"वरडत हुता तवा निदान घरात माणूस हाय असं वाटत तरी हुतं," जयाबाई हवालदाराच्या लेकीला म्हणाली.

मग हवालदाराने दुसरा धडा दिला. श्वास स्थिर झाला की मनातल्या मनात भलं मागायचं. आधी स्वतःचं, मग आवडत्या माणसाचं, मग ज्याच्याशी देणं ना घेणं अशाचं. आणि शेवटी, ज्याचं तोंडही बघवत नाही त्याचं. "ह्यो शेवटचा खरा," हवालदार म्हणाला. "मागचं सगळं त्याच्यासाठी तयारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी जयाबाई सोपा झाडत होती. मष्णू बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. त्याने स्वतःचं भलं मागितलं, ते जरा सढळ हाताने. मग जयाबाईचं. मग टपालवाल्याचं आणि सूतवाल्याचं. कचेरीत आपल्याला चार तास तिष्ठत ठेवणाऱ्या कारकुनाचंही त्याने दात ओठ खात मागून टाकलं. मग तो थांबला. जयाबाईचा केरसुणीचा हातही थांबला. शेवटी मष्णू पुटपुटला, "चंद्रीचं भलं होवो. चंद्री सुखी होवो. चंद्रीला कसलं दुःख न होवो." आणि त्याने मोठ्या समाधानाने डोळे उघडले.

"झालं?" जयाबाईने विचारलं.

"झालं."

"शेळीला मालक हाय न्हवं?"

मष्णूने घोंगड्याची घडी घालायला घेतली. "तेवढं अजून जमत न्हाय."

"शेळीचं मागितलासा ते बाकी बरं केलासा," जयाबाई म्हणाली. "त्या मुक्या जनावराचा काडीचा दोष न्हवता." पुढे आणखी काही तिच्या ओठांवर आलं होतं, पण ते गिळून ती केर भरायला वाकली.

गुरुवारी ते आपणहून दिसलं. मष्णू काही शोधत नव्हता. सातवा श्वास आत येत होता आणि तो त्याच्याकडे नुसता बघत होता, आणि मन तसं रिकामं असताना एक जुनी सकाळ त्यात येऊन उभी राहिली. उजाडतंय. त्याचे हात खळीने पांढरे झालेत. ताण्याचं टोक बांधायला त्याला गल्लीच्या कडेची मेख हवी आहे, आणि मेखेला चंद्री बांधलेली आहे. अजून कुणी उठलं नाही. तो चंद्रीला सोडतो, पलीकडच्या लिंबाजवळ नेतो आणि घाईघाईने तिथे बांधतो. त्याचं लक्ष ताण्याकडे आहे, बोटं आपल्या सवयीने चालताहेत, आणि ती दोरीला सुताची गाठ मारून मोकळी होतात. बारीक सुताला चपखल बसणारी, काथ्याच्या जाड दोरीवर दोन हिसक्यांत सुटणारी गाठ.

मष्णूने डोळे उघडले. तीन वर्षं त्याने ते भांडण हजार वेळा उलगडून पाहिलं होतं, पण दर वेळी शेळी सुटण्यापासून. त्याच्या आधीच्या घटकेकडे तो एकदाही गेला नव्हता. तीन वर्षं त्याने धाकट्या भावाला स्वतःच्या चुकीची शिक्षा दिली होती. त्याला इतकी लाज वाटली की तो उठून मागावर बसला आणि धोटा हातात घेऊन दुपारपर्यंत तसाच बसून राहिला.

आता ज्ञान तर झालं होतं, पण ते घेऊन गल्ली ओलांडायची होती, आणि गल्ली बारा पावलं रुंद होती. गुरुवारी संध्याकाळी तो उंबऱ्यापर्यंत गेला. शुक्रवारी पायरीपर्यंत गेला. समोर बाळाबाई भांडी पोत्यात बांधत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, पदर पुढे ओढला आणि मान वळवली. मष्णूने आभाळाकडे बघून हवामानाचा अंदाज घेतल्यासारखं केलं आणि तो परत आत आला.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी मोटार. मष्णू सोप्यात डोळे मिटून बसला होता. समोर भरमा आपला शेवटचा ताणा पांजत होता. माग विकला होता, पण रिकामा माग दुसऱ्याच्या घरी द्यायला त्याचं मन घेईना, म्हणून एक ताणा चढवूनच तो देणार होता. मष्णूला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या कानांनी सांगितलं. आणि त्याच कानांनी हेही सांगितलं की कुंचा एकच चालतोय. भरमाने सांगून ठेवलेला गडी आला नव्हता. बाळाबाई खळीचं भांडं घेऊन दोन टोकांमध्ये धावत होती, भरमा एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने कुंचा मारत होता, आणि ऊन कौलांवरून खाली उतरायला लागलं होतं.

मनात काही आलं तर येऊ द्यावं, गेलं तर जाऊ द्यावं, असं हवालदाराने शिकवलं होतं. मष्णूने ते आपल्या सोयीने आठवलं आणि डोळे आणखी घट्ट मिटले. पाच. सहा. सात.

त्याच्या मांडीवर काहीतरी येऊन पडलं. त्याने पाहिलं, त्याचाच कुंचा होता. समोर जयाबाई उभी होती.

"किती झाले?" तिने विचारलं.

"सात."

"ऱ्हायलेले तीन चालताना मोजा."

मष्णू उठला. बारा पावलं चालायला त्याला किती श्वास लागले ते त्याने मोजलं नाही. तो ताण्याच्या रिकाम्या बाजूला जाऊन उभा राहिला. भरमाने मान वर केली नाही, पण त्याचा कुंचा क्षणभर वरच्या वर थांबला, मष्णूचा कुंचा सुतांवर टेकेपर्यंत थांबला, आणि मग दोन्ही एकदम खाली आले. चार पावलं गेली, दहा गेली. गल्लीतले माग एकामागून एक बंद पडले आणि दारादारांत माणसं येऊन उभी राहिली.

"खळ जरा घट्ट झालीया," मष्णू म्हणाला. तीन वर्षांनी भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"व्हय. घाई झाली," भरमा म्हणाला.

आणखी सात-आठ पावलं गेली. मष्णूने ठरवलं होतं की ताणा संपल्यावर सांगायचं, पण ताणा संपायच्या आधीच ते तोंडातून बाहेर पडलं. "भरमा, त्या दिवशी चंद्रीला मी बांधलं हुतं. मला मेख पायजे हुती. सुताची गाठ मारली मी. बाळीचा काय दोष न्हवता, तुझा बी न्हवता."

भरमाचा कुंचा थांबला नाही. "ठाऊक हाय," तो म्हणाला.

"कवापास्नं?"

"त्याच दिशीपास्नं. दोरी उचलली तवाच बघितलं. तिच्या टोकाला निम्मी गाठ तशीच ऱ्हायलीती. दोरीला सुताची गाठ ह्या गल्लीत दुसरं कोण मारतंय?"

"मग बोलला का न्हाईस?"

भरमाने विंचरलेल्या सुतांवरून एकदा हात फिरवून पाहिला आणि मगच उत्तर दिलं. "सगळी गल्ली उभी हुती, अण्णा. तू थोरला. चारचौघांत तुला कसं खोटं पाडू? म्हणलं, राग उतरला की सांजच्याला घरी येशील, मग दोघंच बोलू. तू आलाच न्हाईस."

बाळाबाई खळीचं भांडं घेऊन मागे उभी होती. ती खाली बघत म्हणाली, "त्या दिवाळीला तुमा दोघांची ताटं वाढून ठेवलीवती, भावजी. पाडव्यापर्यंत रोज वाढत हुतो."

मष्णूला रडू आलं. मोठ्या माणसाने भर गल्लीत रडू नये वगैरे त्याच्या मनातही आलं नाही. इतके दिवस तो सगळ्या जगाचं भलं मागत बसला होता, शेळीचंसुद्धा, आणि बारा पावलांवर त्याचा धाकटा भाऊ बसायला न शिकता, डोळे न मिटता, तीन वर्षं त्याची लाज राखत होता. पण खळ ओली होती आणि ऊन लिंबापर्यंत आलं होतं, त्यामुळे थांबणं शक्य नव्हतं. तो रडत राहिला आणि विंचरत राहिला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. एका जागी त्याचा हात चुकला तर भरमाने आपला हात तेवढाच मागे घेतला आणि पुन्हा जुळवून घेतलं.

ताणा संपला तेव्हा एकही सूत चिकटलं नव्हतं. मष्णूने बाळाबाईपुढे हात जोडले. "तुझ्यावर आळ आला माझ्यापायी."

"हात खळीनं भरल्यात, भावजी," ती म्हणाली. "धुवा आणि च्या घ्यायला आत या."

घरी आल्यावर मष्णूने जयाबाईला सगळं सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाल्यावर त्याला तिच्या चेहऱ्यावरून संशय आला. "तुला ठाऊक हुतं?"

"दुसऱ्याच दिवशी. बाळीनं पाणवठ्यावर सांगितलं. ह्या गल्लीत ठाऊक नसलेलं तुमी एकटंच."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर मानलं असतंसा?"

मष्णूने प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाय," तो म्हणाला.

रविवारी मोटार वेळेवर आली, जी एरवी कधी येत नसे. भरमाचं जाणं काही रद्द झालं नाही. कारखान्यात शब्द दिला होता, माग दुसऱ्याच्या घरी पोचला होता, आणि विजेच्या मागाचं काम शिकायची त्याला मनापासून हौस होती. ती हौस त्याने आदल्या दिवशी चहा पिताना भावाला भरभरून सांगितली. राहा म्हणावं असं मष्णूच्या ओठांवर शंभर वेळा आलं. ते त्याने म्हटलं नाही. भरमाच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "जा. सुखानं ऱ्हावा. पांजणीला कुणी चांगला जोडीदार मिळू दे." हे शेवटचं वाक्य बोलायला त्याला फार कष्ट पडले. पण ते खरं होतं, त्यात एक सूतही खोटं नव्हतं.

मोटार गेल्यावर धूळ खाली बसेपर्यंत तो तिथेच उभा होता. पोचवायला हवालदारही आला होता. मष्णूने त्याच्याकडे तक्रार केली. "हवालदार, काय बी वाटू नये म्हणून तुमच्याकडं आलतो मी. लई दुखतंय की हो."

"दुखणारच. भाऊ गेलाय, शेळी न्हवं."

"मग एवढं बसून मला मिळालं काय?"

"अकरा दिसांमागं भरमाचं नाव काढलं की तुझ्या मुठी वळायच्या," हवालदार म्हणाला. "आज हात बघ."

मष्णूने पाहिलं. उजव्या हातात एक दोरी होती आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला चंद्री. मोटारीत शेळीला जागा नव्हती. बाळाबाईने जाता जाता ती त्याच्या हातात दिली होती आणि "तुमीच सांभाळा" एवढंच म्हटलं होतं.

सोमवारी सकाळी मष्णूने चंद्रीला सोप्याच्या खांबाला बांधलं आणि घोंगडं घालून तो बसला. भलं मागायला आज त्याने शेवटापासून सुरुवात केली. भरमाचं मागून झालं. चौथ्या श्वासाला समोरच्या बंद दाराची आठवण आली आणि छातीत कळ उठली. तो तिच्यामागे गेला नाही, तिला 'जा' असंही म्हणाला नाही. तिला तिथे बसू दिलं आणि पाचवा श्वास घेतला. चंद्री मोठ्याने ओरडली. मग तिने घोंगड्याचा कोपरा तोंडात धरला आणि खांबाला दोन हिसके दिले.

जयाबाई चुलीपुढून उठून बाहेर आली आणि वाकून तिने दोरी पाहिली. गाठ दोरीचीच होती.